रेघेखालच्या टिपा खोडिल्या त्याची हकीगत

वाणी ज्याची त्यास नमन, आणि ती वाणी ऐकावयास कान ज्याने दिले त्यासही नमन. ख्रिस्ती सन एकोणीसशे एकसष्ट, बाजरीची काढणी उरकून खळी मोकळी जाहली त्या समयी शाळेतील लेकरांनी पुसिले की आपल्या राज्याच्या मोठ्या पुस्तकात वर वचने दाट छापिली आहेत, मध्ये रेघ आहे आणि रेघेखाली पान कोरे आहे, हे कैसे घडले. त्यावरून जे घडले ते घडले तैसेच लिहिले आहे. जेथे राग आला तेथे राग लिहिला. तो पुसून टाकावा ऐसे एकदा मनात आले होते, परंतु ही हकीगतच पुसून टाकण्याची, सबब ठेविला.

या राज्यास मनुष्य राजा नाही. गादीवर पवित्र शास्त्र आहे आणि बाकीचे सर्व चाकर, ऐसा मूळ पुरुषांचा करार. मूळ पुरुष प्रोटेस्टंट म्हणवीत, समुद्रापलीकडून निरनिराळ्या गलबतांतून आले, आणि ज्याने त्याने आपापला सुभा वसविला. पुढे सर्व सुभ्यांचे मिळून एक राज्य जाहले, एक दिवाण नेमिला, एक शिक्का केला, आणि आता आपण एक जाहलो ऐसे म्हणून सर्वांनी जेवणे केली. सुभे मोठे चार. पहिला निवडसुभा. त्यांचे म्हणणे की देवाने जग करण्याआधीच आपली माणसे निवडून ठेविली, म्हणून मनुष्याने निश्चिंत असावे. आणि सर्व राज्यात चिंताक्रांत तेच दिसत. दुसरा जलसुभा. त्यांचे म्हणणे की ज्यास समज आली आणि ज्याने आपल्या तोंडाने कबुली दिली त्यासच बाप्तिस्मा, आणि तोही नदीत पुरता बुडवून. निवडसुभा तान्ह्याच्या डोकीस पाणी शिंपडी म्हणून ते त्यास शिंपडे म्हणत आणि निवडसुभा त्यांस बुडवे म्हणे. तिसरा पावित्र्यसुभा. कृपा सर्वांस खुली आहे आणि मनुष्याने दिवसेंदिवस पवित्र होत जावे ऐसे म्हणून ते पहाटे उठत आणि शेजाऱ्यासही उठवीत. चौथा विश्वाससुभा. विश्वास पुरे, कर्माने तरणे नाही ऐसे म्हणत आणि भांडणाचे कर्म मात्र पुष्कळ करीत. बाकी लहानसहान जहागिरी होत्या, त्या या गोष्टीत आल्या नाहीत.

आता लेकरांनो, भाष्य म्हणजे काय ते आधी समजून घ्यावे. आजी गोष्ट सांगत असते आणि शेजारी काका बसलेला असतो. आजी म्हणते, राजा जैतुनाच्या डोंगरावर चढला, आणि काका हळूच सांगतो की जैतून म्हणजे अमुक झाड, आणि राजा रडत का चढला ते सांगतो, आणि उगी राहतो. गोष्ट आजीची. चांगला काका थोडके बोलतो, आणि वाईट काका आजीला बोलूच देत नाही. ज्या पुस्तकात काकाचेच बोलणे असते, आणि ते कपाटाचा एक कप्पा भरून असते, त्यास भाष्य म्हणावे. ज्यात वर आजी, मध्ये रेघ आणि रेघेखाली काका, त्यास अभ्यासाचे शास्त्र म्हणावे. आणि काका अनेक असतात, कोणी आईकडचा, कोणी बापाकडचा, आणि शहाण्या घरी सर्वांस बसावयास पाट देतात.

या राज्यात तैसे नव्हते. एकेका सुभ्याची भाष्ये काचेच्या कपाटात, आणि किल्ली सरदाराच्या कमरेस. पुस्तक निवडण्याची रीत ऐसी की आधी पुसावे, हा कोणाचा, आणि मग आपल्या सुभ्याचे जे कसोटीचे वचन ते एक काढून त्याखालची टीप पहावी. जलसुभ्याचा मनुष्य तुरुंगाच्या नाईकाचा घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा जाहला ते पान काढी आणि त्याच्या घरी तान्ही लेकरे होती की नव्हती एवढेच पाही. निवडसुभ्याचा मनुष्य कुंभार आपल्या मर्जीने मातीचे भांडे घडवितो हे पान काढी. जुळले तर पुस्तक सोन्याचे, न जुळले तर विष. बाकीची हजार पाने कोणी चाळीत नसे. बाजारात आंबा घेणारा निदान हुंगून तरी पाहतो. हे टोपलीवरच्या गावाचे नाव वाचून चव सांगत. आणि याच लोकांचे मूळ पुरुष, प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी वाचावे म्हणून घरदार सोडून परागंदा जाहले होते. 

ऐसे असता खेडोपाडीच्या रविवारच्या शाळांतील शिक्षकांनी दिवाणसाहेबांस अर्ज केला की लेकरे प्रश्न करितात आणि आम्हापाशी पुस्तक नाही, कपाटे राजधानीत आणि किल्ल्या कमरेस, तरी आम्हास एक पुस्तक निवडून द्यावे. दिवाण सिलासराव शेलार मनुष्य भला, परंतु वादाचे त्यास भारी भय. दोघे मोठ्याने बोलू लागले की ते चहा मागवीत. त्यांणी विचार केला की चारांतून एक निवडावे तर तीन रुसतील. मग त्यांणी आज्ञा केली की चारही सुभ्यांची भाष्ये पाहून राज्याचे स्वतःचे अभ्यासाचे शास्त्र करावे, आणि एकेका वचनाखाली चौघांच्या टिपा शेजारी शेजारी लिहाव्या. कारकून बसविले, खर्डा जाहला, आणि टीप कोणाची ते कळावे म्हणून प्रत्येक टिपेच्या शेवटी सुभ्याचे पहिले अक्षर घातले. तो खर्डा उत्तम होता. चार काका एका ओटीवर बसले होते. तैसाच छापला असता तर ही हकीगत लिहावी न लागती, आणि लेकरांच्या हाती असे पुस्तक पडते की शेजारच्या राज्यांनी मागून न्यावे.

परंतु दिवाणसाहेबांस भय वाटले, आणि त्यांणी सरदारांस बोलावून सांगितले की ज्यास जी टीप मान्य नसेल ती त्याने खोडावी, जी चौघांस मान्य ती राहील, म्हणजे भांडणाचे मूळच तुटेल. मग चौघांस चार रंगांच्या पेन्सिली दिल्या. निवडसुभ्याचे एज्राराव पाटोळे यांस लाल, जलसुभ्याचे थिओफिलराव भांबळ यांस निळी, पावित्र्यसुभ्याचे योएलपंत खरात यांस हिरवी, आणि विश्वाससुभ्याचे तिमथीराव ढगे यांस जांभळी. दिवाणसाहेबांच्या बंगल्याच्या पडवीत मेज मांडिले आणि काम चालले. पहिल्या दिवशी ते वाचीत होते आणि वाद करीत होते, आणि एज्राराव थिओफिलरावांस म्हणाले की बुडव्यांनी निळी पेन्सिल बरी घेतली, पाण्याचा रंग. आणि थिओफिलराव म्हणाले की तुमची लाल, रागाची, ती तुम्हास जन्माआधीच नेमून दिलेली. तेव्हां हशा जाहला. वाद होता तोवर बरे होते. मग ऊन वाढले, आणि पुस्तक जाड, आणि कोणी आधी युक्ती काढिली ते आता कोणी कबूल करीत नाही, परंतु टीप वाचणे बंद जाहले. टिपेच्या शेवटचे अक्षर पहावे आणि खोडावे. लाल निळ्यास खोडी, निळी लालास खोडी, हिरवी जांभळ्यास, आणि जांभळी हिरव्यास. अनुक्रमे पाने उलटत, आणि पेन्सिलींस टोक करावयास एक शिपाई ठेविला होता त्यास उसंत नसे.

शेवटी उरले ते काय? एफा म्हणजे अमुक शेर धान्य. शेकेल म्हणजे अमुक तोळे. देवदारू उंच असतो. मृत समुद्राचे पाणी खारट आहे. यावर चारही सुभ्यांचे एकमत जाहले. दिवाणसाहेबांस आनंद जाहला, आणि ते दरबारात बोलिले की या ग्रंथात एकही टीप ऐसी नाही की जिजवरून बंधुप्रेमास बाध येईल. खरेच नव्हती. मेलेल्या मनुष्याशी कोणाचे भांडण होत नाही. ग्रंथ छापिला, निळे कापडी पुठ्ठे बांधिले, गावोगाव वाटिला, आणि आज्ञा जाहली की रविवारच्या शाळेत हाच वापरावा, आणि कोणापाशी जुने भाष्य असेल त्याने ते दिवाणी कपाटात जमा करावे. लोकांनी जमा केली. ज्यांच्या आज्यांनी पानांत पिंपळाची पाने घालून ठेविली होती तीही जमा केली.

आता राज्याच्या सीमेवर एक गाव, जेथे निवडसुभा संपतो आणि जलसुभा लागतो. तेथे रविवारची शाळा दुर्कसबाई ओहोळ यांची. त्यांचे वर्गात रिबका म्हणून मुलगी, तिचा बाप निवडसुभ्याचा आणि आई जलसुभ्याची. ग्रंथ अजून छापखान्यात होता त्या समयी त्यांस मुलगा जाहला. बापाने म्हटले, रीतीप्रमाणे तान्हेपणीच बाप्तिस्मा द्यावा. आईच्या माहेरच्यांनी म्हटले, समज येऊ द्यावी. एज्रारावांनी निरोप धाडिला की विलंब करणे अश्रद्धा होय, आणि थिओफिलरावांनी निरोप धाडिला की घाई करणे अश्रद्धा होय, आणि दोघांनीही लिहिले की राज्याचा ग्रंथ छापून येत आहे, त्यात निकाल सापडेल, तोवर थांबावे. घरची माणसे थांबली. मुलास ताप आला आणि तो गेला. मातीच्या वेळी कोणत्या सुभ्याची प्रार्थना म्हणावी याचाही निकाल नव्हता, म्हणून दोन्हीकडचे पाळक हात जोडून उभे राहिले आणि शेवटी शेजारच्या न्हाव्याने, जो आपल्या राज्याचा नव्हे, दोन फुले वाहिली आणि म्हणाला, देव सांभाळील त्याला. सर्व राज्यात त्या दिवशी धर्माचे बोलणे एवढेच जाहले.

पुढे नळावर बाया बोलत होत्या ते रिबकेने ऐकिले. एकीने म्हटले की पाणी न लागता गेलं लेकरू, आता त्याला आत कोण घेणार. मुलगी घरी कोणास काही बोलली नाही. वर्गात गाणे म्हणेना, आणि मुले खेळावयास बोलावितील म्हणून सुट्टीतही जागची उठेना. दुर्कसबाईंनी पुष्कळ दिवस वाट पाहिली, पुसले नाही, कारण लेकराचे दार बाहेरून ढकलू नये हे त्या जाणत. मग एके रविवारी सर्व गेले आणि ती राहिली आणि तिने पुसिले, "बाई, आमचं बाळ कुठं आहे?"

दुर्कसबाईंच्या तोंडी उत्तर आले होते, परंतु जे आपण नीट तपासले नाही ते लेकराच्या पदरी घालू नये हा त्यांचा नेम. त्यांणी राज्याचा ग्रंथ उघडिला आणि दावीद राजाचे तान्हे मूल मेले ती गोष्ट काढिली. मूल आजारी होते तोवर राजा जमिनीवर पडून रडला, आणि ते गेल्यावर उठला, अंग धुतले, तेल लाविले, देवाच्या घरी गेला आणि मग जेवला. आणि लोकांनी नवल केले तेव्हां म्हणाला की ते मजकडे परत येणार नाही, मी त्याजकडे जाईन. त्याजकडे म्हणजे कोठे? मातीत, की देवापाशी? तेवढेच बाईंस पाहणे होते. रेघेखाली टीप होती: 'या देशी अंगास जैतुनाचे तेल लावीत. जैतुनाचे झाड थोड्या पाण्यावर जगते.' बाईंनी पान उलटिले, आणि परत उलटिले. पुढे कोरे होते. मग त्यांणी मुलीस सांगितले की मी राजधानीस जाऊन पुसून येते, तोवर नळावरचे ऐकू नकोस. आणि दुसरे दिवशी यस्टीत बसून त्यांची स्वारी निघाली.

राजधानीत उपकारस्तुतीचा दरबार भरला होता, चौघे सरदार हजर, आणि नव्या ग्रंथाची स्तुती चालली होती. दुर्कसबाई उभ्या राहिल्या आणि मुलीचा प्रश्न सांगितला. दिवाणसाहेब म्हणाले की हा विषय आजच्या कामात नाही, आणि चहा मागविला. बाई बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की उत्तर देऊ नका, केवळ त्या वचनाखाली खोडण्याआधी काय लिहिले होते ते वाचून दाखवा.

एज्राराव म्हणाले, "बाई, ते वादग्रस्त होतं म्हणून काढलं."

"वाद कोणाचा कोणाशी झाला?"

कोणास स्मरेना. स्मरेल कैसे, त्या पानी वाद जाहलाच नव्हता. मग बाईंनी खर्डा मागितला. दिवाणसाहेब म्हणाले, तो कपाटात आहे आणि किल्ली घरी आहे. तेव्हां योएलपंत, जे पहाटे उठणारे आणि मनाने सरळ, ते म्हणाले की किल्ली आपल्या करगोट्यास आहे, दिवाणसाहेब, मला येथून दिसते. मग खर्डा आला. खोडले होते, परंतु पेन्सिलच ती, खालची अक्षरे दिसत होती. बाईंनी पान थिओफिलरावांपुढे ठेविले आणि म्हणाल्या की निळ्या रेघेखाली जे आहे ते आपणच वाचावे. ती टीप निवडसुभ्याची होती. थिओफिलरावांनी चष्मा लाविला आणि वाचिली: 'राजाची आशा मातीची नव्हे. देवभीरू आईबापांनी, ज्या तान्ह्यास देवाने परत बोलाविले त्याविषयी संशय धरू नये. ज्याने निवडिले तो लेकराचे वय पुसत नाही.'

मग एज्रारावांपुढे पान सरकविले, आणि त्यांस आपल्या लाल रेघेखालची जलसुभ्याची टीप वाचणे प्राप्त जाहले: 'ज्याजपाशी कबुलीची वाचाच नाही त्यास कबुली मागितली जात नाही. ते लेकरू कृपेने गेले आणि राजा त्यास भेटेल.' हिरवीखाली विश्वाससुभ्याची होती: 'देवाने आपल्याला पाण्याशी बांधिले आहे, स्वतःस बांधून घेतले नाही.' आणि जांभळीखाली पावित्र्यसुभ्याची: 'लेकरू चालावयास शिकण्याआधी कृपा त्याजकडे चालत येते.' लेकरांनो, पहा. चौघे चार वाटांनी आले होते, चौघांची कारणे निराळी, आणि ती कारणे लहान नव्हेत, त्यांवर मनुष्याने जन्मभर विचार करावा. परंतु या एका दारी चौघेही येऊन उभे होते, आणि चौघांनी मिळून ते दार लिंपून टाकिले.

थिओफिलरावांनी चष्मा काढिला आणि म्हणाले, "मी हे वाचलं नव्हतं."

दुर्कसबाई म्हणाल्या, "वाचलं नव्हतं तर खोडलं कसं, सरदारसाहेब?"

"खाली त्यांचं अक्षर होतं."

याहून काही बोलावयाचे त्या दरबारात उरले नव्हते, तरी दिवाणसाहेब बोलिले. ते म्हणाले की टिपा परत घालाव्या की कैसे याचा विचार करण्यास चौघांची समिती नेमू. समिती नेमिली. ती अद्यापि बसलेली नाही, बसण्याची जागा कोणत्या सुभ्यात असावी यावर अडली आहे, आणि पुस्तके तैशीच कोरी वाटली जात आहेत. याचा राग गिळावा ऐसे मजला कितीदा सांगितले, परंतु तो गिळण्याजोगा नाही. पुस्तकात चूक राहिली तर दुसरे पुस्तक ती सांगते. कोऱ्या पानाची चूक सांगावयास कोणी नाही.

बाईंनी समितीची वाट पाहिली नाही. त्यांणी कपाटातून पुस्तके मागितली. दिवाणसाहेब म्हणाले, कोणते एक नेता? बाई म्हणाल्या, जी दोन एकमेकांशी बोलत नाहीत ती दोन द्या. मग निवडसुभ्याचे आणि जलसुभ्याचे ऐसी दोन भाष्ये पिशवीत घातली, आणि भारी होती म्हणून थिओफिलरावांनी पिशवी उचलिली, आणि यस्टीपर्यंत आले, आणि मग यस्टीतही बसले.

गावी रिबकेचे घरी गेले. आई चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. तिने सरदारांचा निरोप ऐकून मुलाचा बाप्तिस्मा थांबविला होता. थिओफिलराव पुढच्या खोलीत जमिनीवर मुलीसमोर बसले आणि दावीद राजाची गोष्ट त्यांणी स्वतः सांगितली, चांगली सांगितली, आणि मग एका पुस्तकातून वाचिले आणि मग दुसऱ्यातून वाचिले. मुलीने पुसिले, "यातलं तुमचं कुठलं?"

सरदारांनी बोट ठेवून दाखविले.

"आणि दुसरं?"

"ते एज्रारावांचं."

"दोन्हीत बाळ देवाकडंच आहे?"

"दोन्हीत."

मुलीने दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेविली. मग म्हणाली, "मंग तुम्ही भांडत काय होता?"

थिओफिलराव मोठे पंडित, मूळ भाषा जाणणारे, जलसुभ्यात त्यांच्या तोडीचा कोणी नाही. बाप्तिस्मा कोणास आणि कधी हा प्रश्न खरा आहे, तो सांगताही आला असता, परंतु त्या खोलीत तो सांगण्याचा अधिकार आपण घालविला हे त्यांस कळले, आणि कळले हे त्यांजविषयी लिहून ठेवणे न्याय आहे. ते एवढेच म्हणाले, "चुकलो, बाय." रिबका त्यांच्यासाठी थांबली नाही. ती उठून चुलीपाशी गेली, आईच्या पाठीशी टेकली आणि म्हणाली, "आई, बाळ एकटं नाही. राजाच्या बाळासंगं आहे." तेव्हां आईस मातीच्या दिवशी आले नव्हते ते रडू आले, आणि दुर्कसबाईंनी चुलीवरचे दूध उतरविले.

ऐसी ही हकीगत. तात्पर्य थोडके: वचन आधी आपण वाचावे, मग एक पुस्तक उघडावे, मग त्याशी न पटणारे दुसरे उघडावे, आणि ज्याचे म्हणणे शेवटपर्यंत वाचिले नाही त्यावर रेघ ओढू नये. सरदारांस हे सांगून जाहले. आता लेकरांस सांगितले आहे, कारण कपाटांच्या किल्ल्या पुढे त्यांच्याच हाती जावयाच्या आहेत. लिहिणाराची चूक असेल ती वाचणाराने वाचून मग खोडावी. इति.